नसीमाची साइडकार

रत्नागिरीच्या राजिवडा मोहल्ल्यात कमाल तेलवाल्याच्या अंगणात ती आली तेव्हा ती फटफटी आहे हे प्रत्येकाला सांगावं लागत होतं. आणायला एक बैलगाडी आणि दोन गडी लागले. टाकीला भोकं पडलेली, पट्टा उंदरांनी खाल्लेला, आणि बैठकीच्या स्प्रिंगांमध्ये कोंबडीने अंडी घातलेली. मागच्या मोठ्या लढाईत कुणा गोऱ्या शिपायाने ती दामटली होती म्हणे. पुढे हातोहात फिरत ती रत्नागिरीच्या एका वकिलांकडे आली, वकील एकदा तिच्यावरून सपशेल आडवे झाले, आणि तेव्हापासून नऊ वर्षं ती त्यांच्या माडाच्या बागेत कोंबड्यांच्या ताब्यात होती. कमालने वकिलांच्या विहिरीवरचा बंद पडलेला पंप सुरू करून दिला. बदल्यात काय हवं, असं त्यांनी विचारल्यावर त्याने बागेकडे बोट दाखवलं. अडगळ जाते आहे म्हटल्यावर वकिलांनी लगेच मान डोलावली.

कमाल हा बावीस वर्षं आगबोटीच्या पोटात राहिलेला माणूस. आधी भट्टीत कोळसा टाकायचा, मग चढत चढत तेलवाला झाला, म्हणजे चालत्या इंजिनाच्या सांध्यांना तेल देणारा. वरखाली आदळणाऱ्या दांड्यांमधून हात आत घालायचा आणि तो शाबूत बाहेर काढायचा, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. पण १९३१ साली जगाचा व्यापारच बसला, बोटी बंदरांत बांधून पडल्या, आणि कमाल घरी आला. नवरा पत्रातून येतो याची सवय झालेल्या मैमुनेला तो सकाळ-संध्याकाळ समोर दिसू लागला आणि तिची पंचाईत झाली. कमालने आधी घरातली, मग शेजाऱ्यांची, मग सगळ्या मोहल्ल्यातली कुरकुरणारी दारं तेल घालून गप्प केली. त्यामुळे फटफटी आली तेव्हा मैमुनेला बरंच वाटलं.

पडवीत जुन्या शिडाचं कापड अंथरून कमालने ती सगळी सुटी केली. गंजलेले भाग रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, पितळेचे कोकमाच्या सालांनी घासले. टाकी तांबटाकडून डाग देऊन आणली. पट्टा म्हशीच्या कातड्याचा करून घेतला, त्यासाठी चांभाराच्या दुकानात तीन दिवस ठाण मांडून बसला. जे मिळेना ते कानशीने घासून स्वतः केलं. सुट्या भागांत मैमुनेला पाय ठेवायला जागा उरली नाही, पण शिडावर कोणता खिळा कुठे आहे हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं. एका जुम्म्याला नमाज सुटता सुटता ती पहिल्यांदा सुरू झाली. निम्मी जमात घरी जायचं सोडून कमालच्या अंगणात गोळा झाली, आणि म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवून तिचं कौतुक केलं.

लोकांना वाटलं, रिकाम्या माणसाला खेळणं मिळालं. तसं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. कमालच्या डोक्यात नसीमा होती.

नसीमा त्याची एकुलती एक मुलगी. ती जन्मली तेव्हा तो कुठल्या समुद्रात होता हे त्याचं त्यालाही नक्की सांगता येत नव्हतं. खबर चार महिन्यांनी पोचली. ती पहिलं पाऊल टाकायला शिकली ते त्याने पाहिलं नाही, ती गोवराने मरता मरता वाचली ते त्याला ती वाचल्यावर कळलं. तिच्या निकाहासाठी म्हणून तो रजा घेऊन निघाला, तर बोट एडनला अडकली, आणि बापाच्या जागी मामा उभा राहिला. एकोणीस वर्षांतले त्याच्या सुट्टीचे सगळे दिवस एकत्र केले तर बाप-लेकीचा सहवास अडीच वर्षांचाही भरला नसता. आता ती पालीच्या पुढे, आठ-नऊ कोसांवर सासरी नांदत होती, नवरा करीम मुंबईला गोदीत होता, आणि तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कुणी शिकवायला लागत नाही. सातव्या महिन्यात मुलीला आणायची. आठव्यात हलवत नाहीत. कमालने ठरवलं की यावेळी मामा नाही, दीर नाही, आपण जायचं. बैलगाडीच्या हिसक्यांत नाही, सर्व्हिस मोटारीच्या चेंगराचेंगरीत नाही; आपल्या हाताने केलेल्या गाडीतून पोरीला राणीसारखी आणायची. बावीस वर्षांची चूक एका फेरीत भरून काढायची, असा त्याचा हिशेब होता, आणि असले हिशेब पुरुषमाणसंच मांडू जाणोत.

म्हणून साइडकार. ती करायला त्याने धोंडू सुताराला धरलं. धोंडूने जन्मभर होड्या बांधलेल्या, त्याला दुसरं काही बांधता येत नव्हतं, त्यामुळे साइडकार झाली ती चाकावरची होडीच. सागवानी फळ्या, आत वाकवलेल्या फासळ्या, पुढे निमुळतं नाक, आणि सांध्या-सांध्यांत काथ्या ठासून वर राळ. रस्त्यावर पाणी लागलं तरी बुडायची नाही, असं मिरकरवाड्यातले मासेमार येऊन म्हणून गेले. आत सावरीच्या कापसाची गादी, पाठीला लोड, उन्हासाठी वर कापडी छत. खाली एका मोडक्या टांग्याच्या कमानी बसवल्या. पोटुशी पोर बसणार होती, तिला खड्डा लागता कामा नये.

खड्डा लागतो की नाही हे बघायची त्याची रीतही त्याचीच होती. मैमुनेला आत बसवायची, तिच्या मांडीवर काठोकाठ भरलेली पितळी कळशी द्यायची, आणि मोहल्ल्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. पाणी सांडता कामा नये. पहिल्या दिवशी मैमुना न्हाऊन निघाली. कमालने कमानीची पाती काढली, पुन्हा घातली, कातड्याचे पट्टे लावले, चाक बदललं. दुसऱ्या खेपेला ओंजळभर सांडलं, पाचव्या खेपेला चार थेंब. ते चार थेंबही त्याला सोडवेनात, आणि त्या चार थेंबांपायी सातव्या महिन्याचे पंधरा दिवस गेले.

नसीमाच्या सासरहून दोनदा निरोप आला, आम्ही गाडी जुंपून आणून सोडतो. कमालने दोन्ही वेळा कळवलं, तुम्ही तसदी घेऊ नका, मी स्वतः येतो. मैमुनेने एकदा नीट बसून त्याला समजावलं की पोरीला गादी नको आहे, आईचं घर हवं आहे. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा कमानीखाली सरपटत गेला. अति तेथे माती म्हणतात, पण ती माती होत असताना दिसत नाही, तेव्हा ती मायाच वाटते.

अखेर सोमवार ठरला. सातव्यातला शेवटचा आठवडा. निरोप गेला की सकाळी निघून दहाच्या सुमारास पोचतो, नसीमाला तयार ठेवा.

त्या सोमवारी कमाल पहाटे, फजरच्या आधी उठला. नमाज झाली, टाकी भरली, इंजिनाच्या तेलासाठी एरंडेल भरलं, पितळ पुन्हा एकदा पुसलं. मैमुनेने पिठाचे लाडू बांधून दिले आणि तिथून येताना पोरीच्या पायांवर घालायला दुलई दिली. आता बसायचं आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. पण आज मोहल्ल्याच्या टोकाला जायचं नव्हतं, आज सफर होती. आणि सफरीचा कायदा कमालच्या हाडांत मुरलेला होता. बोट नांगर उचलायच्या आधी चार-चार तास इंजिन तापवतात. थोडी थोडी वाफ सोडत लोखंड आतून ऊबदार करून घेतात. थंड इंजिन एकदम दामटलं तर ते भर समुद्रात दगा देतं. गोऱ्या चीफ साहेबाने हे त्याला शिव्या देऊन शिकवलं होतं, आणि शिव्या देऊन शिकवलेलं माणूस विसरत नाही. पोटुशी लेक बसायची आहे, वाटेत दगा नको, म्हणून कमालने फटफटी सुरू केली, गिअर मोकळा ठेवला आणि ती अंगणात उभी ठेवून तापू दिली. चार तास नाही, तरी एक तास तरी द्यावा म्हणाला.

अर्धा तास ती सुरेख चालली. कमाल बाजूला पाटावर बसून कौतुकाने ऐकत होता, मधूनमधून तेलाच्या पंपाचा दट्ट्या दाबत होता. मग आवाज जड झाला. त्याला वाटलं, आता इंजिन खरं तापलं. त्यानंतर थोड्या वेळात आतून दात खाल्ल्यासारखी करकर आली आणि सगळं थांबलं. नुसतं बंद नाही पडलं, आतून धरलं. कमालने सगळा भार टाकून लाथ मारली तरी सुरू करायचा खटका तसूभर हलला नाही. बावीस वर्षांत त्याने पुष्कळ इंजिनं ऐकली होती, त्यामुळे काय झालं ते त्याला कळलं. का झालं ते मात्र कळेना.

ते संध्याकाळी बाबल्याने सांगितलं. बाबल्या कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर, घर जवळच, गाड्यांतलं दर्दी पोर. त्याने सिलिंडरवरच्या पात्यांना हात लावला आणि सगळं विचारून घेतलं. उभी ठेवून बराच वेळ तापवली म्हटल्यावर त्याने कपाळावर हात मारला.

"कमालभाय, बोटीच्या इंजिनाला वाफ लागते, हिला वारा लागतो," तो म्हणाला. "चालती ठेवली तर ही थंड ऱ्हाते. उभी ठेवलीत तर आतल्या आत जळते."

ज्या मायेने कमालने तिला तापवलं त्याच मायेने ती जाळली, हे पचायला जड होतं. बाबल्याला त्याची दया आली असावी. त्याने आपण होऊन तोड काढून दिली. सासरच्यांनी पोरीला पालीच्या नाक्यापर्यंत आणावं, तिथून तो तिला पुढे आपल्या शेजारी बसवील आणि मोटार बैलगाडीच्या चालीने आणील. उतारूंनी आरडाओरडा केला तर त्यांचं तो बघून घेईल. दाराआडून मैमुना म्हणाली, "हां म्हना."

"नाय," कमाल म्हणाला. "मी येतो म्हनून सांगितलंय. मीच जानार."

मैमुना बाहेर आली. परक्या माणसासमोर ती कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली. आठ दिवसांनी आठवा लागेल, आठव्यात पोरीला हलवत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगायला हवं काय, असं तिने विचारलं. कमालने चार दिवस पुढेमागे झाल्याने काही होत नाही म्हणून सांगितलं आणि बाबल्याकडे निरोप दिला, पुढच्या सोमवारी नक्की. माणसाला पैशाचा माज चढतो, ताकदीचा चढतो, तसा मायेचाही चढतो. फरक इतकाच की मायेचा माज चढलेला माणूस स्वतःला गरीब समजत असतो.

मंगळवारी त्याने इंजिन उघडलं. पिस्टनवर ओरखडे उठले होते, एक रिंग तुटली होती. पिस्टन त्याने कानशीने आणि मग राखेने घासून गुळगुळीत केला. रिंग बाबल्याने गुरुवारी कोल्हापूरच्या कारखान्यातून आणून दिली. शुक्रवारी रात्रीपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. शनिवारी सकाळी एकदा फेरी मारून बघायची म्हणून कमाल हात पुसत होता, तेवढ्यात बाबल्या पळत आला. मोटार त्याने उतारूंसकट रस्त्यातच सोडली होती.

पालीच्या नाक्यावर नसीमाचा दीर त्याची वाट बघत उभा होता. नसीमाला रात्रीपासून कळा लागल्या होत्या, दिवस भरले नव्हते, बाळ आडवं होतं, सुइणीने हात टेकले होते. पोरीला हलवता येत नाही, ती आईला बोलावते आहे, एवढाच निरोप होता.

मैमुना डोक्यावरचा पदर सारखा करून होती तशी साइडकारमध्ये बसली. कमालने एक लाथ मारली. इंजिन सुरू झालं आणि त्याच क्षणी त्याने गाडी रस्त्याला घातली. त्या दिवशी तापवायला वेळ नव्हता.

फटफटी अशी चालली की काय सांगावं. कुवारबावचा चढ तिने एका दमात घेतला. हातखंब्याच्या वळणावर लोक बघत उभे राहिले. पालीपर्यंत ती एकदाही खोकली नाही, सिलिंडरवर वारा लागत होता आणि आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा खणखणीत होता. कमालला तो आवाज ऐकवेना. सोमवारी अशीच निघाली असती, काही न करता, नुसती निघाली असती, तर आज पोर रत्नागिरीत असती आणि हाकेवर लेडी डॉक्टर असती. गाडी जितकी छान चालत होती तितका त्याचा जीव खाली खाली जात होता. शेजारी मैमुना दोन्ही हातांनी फळी धरून ओठांतल्या ओठांत दुवा मागत होती. साइडकारला खड्डे जाणवतच नव्हते.

पालीच्या पुढे रस्ता सोडून दोघं उघड्या कातळाच्या सड्यावरच्या पाऊलवाटेला लागली तेव्हा दुपार झाली होती. घर दिसायच्या आधी रडणं ऐकू आलं. बाळ आधी गेलं होतं, आणि त्याच्यामागे घटकाभराने नसीमा.

आमच्याकडे मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. बायकांनी आंघोळ घालून गुस्ल दिला, तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजीनंतर जनाजा निघाला. कमालने खांदा दिला तो कबरस्तानापर्यंत दुसऱ्याला घेऊ दिला नाही. करीम मुंबईत होता, त्याला तारही पोचली नसेल, म्हणून कबरीत उतरायला बापच पुढे झाला. त्याने लेकीला दोन्ही हातांवर घेतलं आणि खाली ठेवलं, बाळाला तिच्या शेजारी ठेवलं. जन्माला तो नव्हता, निकाहाला नव्हता. इथे मात्र तो वेळेवर पोचला होता. वर यायला हात दिला तरी त्याला येववेना, तेव्हा दोघांनी काखेत धरून त्याला वर घेतलं.

रात्री नसीमाची सासू मैमुनेजवळ बसून बोलत होती. बाई भली होती, तिच्या बोलण्यात बोल लावणं नव्हतं, ती नुसती झालेलं सांगत होती, आणि दाराबाहेर कमालला सगळं ऐकू येत होतं. सोमवारी नसीमा सकाळीच न्हाऊन नवं लुगडं नेसून बसली होती. बोचकं बांधून तयार. दहा वाजले, बारा वाजले, तरी जेवली नाही. बाबांबरोबर जेवीन म्हणाली. तिसऱ्या प्रहरी सड्यावर जाऊन उभी राहिली, तिथून मोठा रस्ता दिसतो. मंगळवारी बाबल्याचा निरोप मिळाला. बुधवारी सासूने स्वतःहून गाडी जुंपायला लावली, गवत अंथरलं, उशा ठेवल्या, बैल धरून दीर उभा राहिला. पोरीने गाडीत पाय ठेवायचं नाकारलं. माझे बाबा येणार आहेत, त्यांनी माझ्यासाठी गाडी केली आहे, ते इथे आले आणि मी नसले तर त्यांना काय वाटेल, म्हणाली. आणि रोज संध्याकाळी सड्यावर जात राहिली.

तिसऱ्या दिवशीची फातेहा झाल्यावर दोघं परत निघाली. तो सोमवारच होता. पालीच्या नाक्यावर आंब्याखाली कमालने गाडी थांबवली, मैमुनेसाठी पाणी आणलं. तीन दिवसांत नवराबायको एकमेकांशी बोलली नव्हती. मैमुना पाणी प्यायली आणि तिने लोटा त्याच्याकडे दिला.

"माजी वाट बगीत ऱ्हायली ती," कमाल म्हणाला.

"तिला सवय व्हती," मैमुना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी दर्यावर असताना रोज बगायची. संध्याकाळची आगबोट लांबून निघून गेली, का मग जेवायची. निका होईस्तवर असंच."

"मना कदी सांगितलं नाय कुनी."

"सांगून काय, बोट फिरली असती?"

कमाल त्या नाक्यावर, दुकानदार आणि गाडीवाल्यांच्या देखत, मोठ्याने रडायला लागला. जनाजा उचलताना तो रडला नव्हता, कबरीत रडला नव्हता. चहाच्या दुकानातला माणूस उठून जवळ येऊ लागला, त्याला मैमुनेने हातानेच राहू द्या म्हणून सांगितलं. मग ती साइडकारमध्ये जाऊन बसली आणि त्याचं रडणं संपायची वाट बघत राहिली.